सशाचे डोळे आणि आपला चेहरा

२१ मे २०१४ ही तारीख फारशी कुणाच्या स्मरणात नसेल. लोकसभेचे निकाल लागून पाच दिवस झाले होते, नव्या सरकारचा शपथविधी आणखी पाच दिवसांवर होता आणि वर्ध्याच्या पानठेल्यांपासून दिल्लीच्या बंगल्यांपर्यंत एकच चर्चा होती : कोणाला कोणते खाते मिळणार? त्या गदारोळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राजपत्रात एक अधिसूचना छापली आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत १४८-सी हा नवा नियम घातला. नियमाचा अर्थ एवढाच, की सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणीही कोणत्याही प्राण्याचा वापर करू नये.

माझी सारी नोकरी बँकेची परिपत्रके वाचण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवस 'परंतु', 'तथापि' आणि 'उपरोक्त बाबींस अधीन राहून' यांच्या सहवासात काढला. त्यामुळे सरकारी कागदावर एका वाक्यात संपणारा, मागे 'परंतु' नसलेला नियम दिसला की मला त्याच्याविषयी आदर वाटतो. असे नियम फार नसतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरी अधिसूचना निघाली आणि १२ नोव्हेंबर २०१४ पासून प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने परदेशातून आणायलाही बंदी झाली. त्याआधी, २०१३ च्या जूनमध्येच, भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणकातून या चाचण्या काढून टाकण्याचा निर्णय झालेला होता. दक्षिण आशियात असे करणारा भारत हा पहिला देश. पुढे २०२० साली सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली झाली, तिच्यातही ही बंदी कायम राहिली.

ही चाचणी होती तरी काय? रविवारी सकाळी चहा घेता घेता हे वाचायला बरे वाटणार नाही, पण नियमाचे मोल कळण्यासाठी एकदा वाचलेच पाहिजे.

१९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. पांढरा ससा घ्यायचा. त्याचे डोके तेवढे बाहेर राहील अशा खोड्यात त्याला अडकवायचे, म्हणजे पंजाने डोळा चोळता येणार नाही. एका डोळ्यात तपासायचा पदार्थ टाकायचा, मग तो शाम्पू असेल, रंग असेल किंवा पापणीला लावायचे काही असेल. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. चोवीस तासांनी पाहायचे, अठ्ठेचाळीस तासांनी पाहायचे, बहात्तर तासांनी पाहायचे. गरज पडली तर आठवडाभर आणि त्याहूनही पुढे. बुबुळ किती पांढुरके झाले, लाली किती, सूज किती, पाणी किती गळते, याला गुण द्यायचे. जास्तीत जास्त गुण ११०, त्यातले ८० एकट्या पारपटलाचे. ससाच का? तर तो स्वस्त, गरीब स्वभावाचा, त्याचे डोळे मोठे आणि माणसापेक्षा त्याला अश्रू कमी येतात, त्यामुळे टाकलेला पदार्थ लवकर वाहून जात नाही. डोळ्यांच्या जोडीला भादरलेल्या पाठीवरही अशीच चाचणी होई. शिवाय प्राण्यांच्या एका गटातले निम्मे किती मात्रेला मरतात हे पाहण्याची रीत तर १९२७ पासूनची.

हे वाचून ड्रेझसाहेबांना राक्षस ठरवणे सोपे आहे. मात्र या चाचण्यांच्या मुळाशी क्रौर्य नव्हते, उलट काही स्त्रियांविषयीची कणव होती. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्या काळ्या करायचा रंग विकला जात होता. त्याने काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एकीची दृष्टी कायमची गेली, एकीचा मृत्यू झाला. आणि सरकार काहीच करू शकले नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात औषध होते, अन्न होते, प्रसाधन नव्हतेच. बाजारातून तो रंग उचलण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो १९३८ च्या कायद्याने. त्यानंतर, बायकांच्या डोळ्यांत जायच्या आधी हे पदार्थ कुणाच्या तरी डोळ्यात घालून पाहावेत, हा विचार पुढे आला. तो 'कुणीतरी' ससा ठरला.

या लॅश लूरमधले द्रव्य होते पॅरा-फेनिलिनडायमिन. आपल्या किराणा दुकानात टांगलेली केसांच्या रंगाची पुडी हातात घ्या. बहुतेक काळ्या रंगांत आजही तेच असते, आणि 'काळी मेहंदी' म्हणून जे विकतात त्यातही पुष्कळदा. आपल्या नियमांप्रमाणे अशा पुडीवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत दोन सूचना छापाव्या लागतात : आधी थोडा रंग त्वचेवर लावून पाहा, आणि पापण्या किंवा भुवया याने रंगवू नका, अंधत्व येऊ शकते. अक्षर इतके बारीक असते की ज्या वयात केस रंगवायची वेळ येते त्या वयात ते चष्म्याशिवाय दिसत नाही. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या त्या बाईचे जे झाले, ते त्या बारीक अक्षरांत अजून छापले जाते आहे.

तर ही पद्धत पस्तीसेक वर्षे बिनबोभाट चालली. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी एक पुस्तक लिहून प्रयोगशाळांसमोर तीन अपेक्षा ठेवल्या. जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरे काही वापरा, जमत नसेल तिथे प्राण्यांची संख्या कमी करा, आणि जे वापराल त्यांच्या वेदना कमी करा. पुस्तक विद्वानांनी वाचले आणि कपाटात ठेवले. कपाट उघडले ते न्यूयॉर्कच्या एका शाळामास्तराने. हेन्री स्पायरा त्याचे नाव. आधी जहाजावर खलाशी, कामगार चळवळीत मुरलेला. त्याने १५ एप्रिल १९८० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली आणि रेव्हलॉन या बड्या कंपनीचे नाव घेऊन विचारले, की सौंदर्यासाठी ही कंपनी किती सशांना आंधळे करते? लिपस्टिक विकणाऱ्या कंपनीला नेमका हा प्रश्न परवडणारा नसतो. रेव्हलॉनने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. इतर कंपन्याही पुढे आल्या आणि १९८१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचे केंद्र उभे राहिले. स्पायराने कोणाच्या प्रयोगशाळेच्या काचा फोडल्या नाहीत. कंपनीला तिच्या ताळेबंदाच्या भाषेत समजावून सांगितले. बँकेतल्या माणसाला ही गोष्ट पटते.

आपल्याकडे याच कामाला वाहिलेली 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून आहे. मूळ इंग्लंडची, इथे डायना रत्नागर यांनी रुजवली, मुक्काम पुणे. साबणात चरबी कोणती, कुंकवात रंग कशाचा, अत्तरात कस्तुरी खरी की नकली, असले प्रश्न त्यांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा लोक त्यांना रिकामटेकडे समजत. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली गुरांची चरबी मिसळल्याचे उघडकीला आले आणि देशभर गहजब उडाला, तेव्हा पाकिटावर आतला माल लिहिलेला असावा हे साऱ्यांना एकदम पटले.

आता हे सारे पर्याय आले कुठून, तेही पाहू. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्वचेचा पातळ थर वाढवतात आणि त्यावर क्रीम लावून पाहतात. सशाच्या पाठीपेक्षा ही त्वचा माणसाला जवळची, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. कोंबडीच्या अंड्याच्या आतल्या पातळ पडद्यावर पदार्थ टाकून शिरा कशा फुटतात हे पाहण्याची एक रीत आहे. आणि डोळ्यासाठी सर्वांत रुळलेली पद्धत आहे ती गुरांच्या डोळ्यांची : खाटिकखान्यात मांसासाठी मारलेल्या जनावरांचे, एरवी फेकून दिले जाणारे डोळे आणायचे, त्यांचे पारपटल काढून त्यावर चाचणी घ्यायची. २००९ साली तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

इथे वर्ध्याचा माणूस थबकतो. कारण हा युक्तिवाद त्याच्या गावात फार पूर्वी होऊन गेला आहे.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले, जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणीपासून हातकागदापर्यंतचे प्रयोग होऊ लागले. त्याच काळात जवळच्या नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. नियम असा, की कातडे घ्यायचे ते आपोआप मेलेल्या गुराचे, कापलेल्याचे नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दच्छल वाटे : चप्पल ती चप्पल, जनावर मेलेले ते मेलेलेच. पण नालवाडीच्या लोकांसाठी चप्पल घालावी की नाही हा प्रश्नच नव्हता. त्या चपलेसाठी म्हणून एखादा जीव जातो का, एवढेच त्यांना पाहायचे होते. खाटिकखान्यातल्या डोळ्याबाबत त्यांनी काय म्हटले असते? जनावर तर कापलेलेच होते, तेव्हा नालवाडीच्या कसोटीला हा डोळा बहुधा उतरला नसता. पण डोळ्यासाठी कोणी कापले नव्हते, हेही खरेच. सेवाग्रामच्या वडाखाली बसून यावर दोन दिवस वाद घालता येईल, आणि आमच्या जिल्ह्यात असा वाद घालायला माणसे अजून मिळतात.

गांधीजींचे स्वतःचे मत उघड होते. १९०९ च्या 'हिंद स्वराज्या'त पाश्चात्त्य वैद्यकावर राग काढताना त्यांनी जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचा मुद्दा घेतलेला आहे, आणि १९२५ साली 'यंग इंडिया'त या चिरफाडीचा आपल्याला मनापासून तिटकारा असल्याचे लिहिले आहे. तरीही १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे ॲपेंडिक्स काढले, आणि ते ज्ञान कसे आले असेल हे गांधीजींना ठाऊक नव्हते असे नाही. दुधाचे व्रत घेऊन पुढे कस्तुरबांच्या युक्तिवादाने शेळीचे दूध घेतले, त्याचे शल्य त्यांनी आत्मकथेत लपवलेले नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात तळमळणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरू दिले आणि देशभराच्या शिव्या खाल्ल्या. मला यातून एवढेच दिसते, की प्राण बचावण्याच्या प्रश्नावर तो माणूस अडखळत, दुःख करत, प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घेत होता. गाल लाल करण्याच्या प्रश्नावर त्याला अडखळायचे कारणच पडले नसते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्राण्यांवरचे प्रयोग म्हटले की आपण सगळे एकाच गाठोड्यात बांधतो. वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात कपाशी, सोयाबीन, तुरीच्या रानात काम करणाऱ्या माणसाला नाग, मण्यार किंवा घोणस चावली, की त्याला गाडीत घालून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पळवतात. तिथे जी सर्पदंशाची लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून झालेली असते. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देत जायची, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढायचे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. खुद्द हाफकिनने प्लेगची लस आधी सशांवर आजमावली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ज्याच्या घरचा कर्ता माणूस बांधावर साप चावून पडला आहे, त्याच्यापुढे घोड्याच्या हक्कांवर व्याख्यान द्यायची माझी छाती नाही.

माकडांची कथा याहून अवघड. पोलिओच्या लसीसाठी भारतातून हजारो ऱ्हीसस माकडे अमेरिकेत जात. करार असा होता, की ती वैद्यकीय कामालाच वापरायची. लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत ती वापरली जात असल्याचे बाहेर आले आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ साली निर्यात बंद केली. पुढे २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी माकडे हवी होती, ती मिळेनात. हॉटेले बंद, देवळे बंद, खायला घालणारी माणसे घरात. माकडे रानात पांगलेली. वनखात्याच्या मदतीने शोधता शोधता ती अखेर नागपूरच्या बाजूला, म्हणजे आमच्या शेजारी सापडली. वीस माकडे. ती लस आपल्यापैकी अनेकांच्या दंडात गेली आहे. त्या माकडांविषयी मला कृतज्ञता वाटते आणि अस्वस्थताही, आणि दोन्ही एकत्र वाटण्यात मला विसंगती दिसत नाही. औषधांच्या बाबतीतही दार थोडे किलकिले होते आहे. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशी, मानवी ऊती, संगणकी प्रारूपे यांवरच्या चाचण्यांना जागा मिळाली. पण तो रस्ता लांबचा आहे. लिपस्टिकचा रस्ता आखूड होता, तो बऱ्याच देशांनी चालून संपवला : ब्रिटनने १९९८ साली, युरोपीय संघाने २००४ पासून टप्प्याटप्प्याने २०१३ पर्यंत, मग इस्रायल, भारत, ऑस्ट्रेलिया, आणि २०२३ साली कॅनडा. अमेरिकेत अजून देशव्यापी बंदी नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ साली कायदा केला आणि पाठोपाठ इतर काही राज्यांनी.

'चालून संपवला' म्हटले खरे, पण हिशेब तपासणाऱ्याने शेवटची ओळ वाचून वही मिटायची नसते.

डबीवर उडी मारणारा ससा छापलेला असतो, 'प्राण्यांवर तपासलेले नाही' असे लिहिलेले असते, आणि माझी नात त्या सशासाठी शंभर रुपये जास्त मोजते. तिला मी म्हटले, अगं, या देशात २०१४ पासून कुणालाच तशी चाचणी करता येत नाही. त्या ओळीचा अर्थ 'आम्ही कायदा पाळतो' एवढाच. एखाद्या कर्जदाराने छातीवर बिल्ला लावावा, की मी हप्ते भरतो! नात म्हणाली, "आजोबा, मग आतला माल तरी कुठून आला ते लिहितात का?" प्रश्न बरोबर होता. डबीतल्या क्रीमवर चाचणी झाली नसली तरी क्रीममधले एखादे रसायन दुसऱ्याच कायद्याखाली प्राण्यांवर तपासलेले असू शकते. युरोपातच पाहा. सौंदर्यप्रसाधनांचा कायदा म्हणतो चाचणी नको. रसायनांचा कायदा म्हणतो, कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी चाचणी हवी. उन्हाच्या मलमातल्या दोन द्रव्यांवरून सिमराइज ही जर्मन कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. कामगाराचे नाव पुढे आल्यावर सशाची बाजू कमजोर पडते, आणि कामगार तर खराच आहे. बारा लाखांहून अधिक युरोपीय नागरिकांनी सह्या करून या विसंगतीवर उत्तर मागितले होते. चीनमध्ये उलटी तऱ्हा : तिथे बाहेरच्या मालाला प्राण्यांवरची चाचणी सक्तीची असे. २०२१ च्या मेपासून साध्या प्रसाधनांना अटींवर सूट मिळाली. तोवर एकच कंपनी एका देशात ससेवाली आणि दुसऱ्या देशात बिनसशाची असू शकत होती.

आणि 'प्राण्यांवर तपासलेले नाही' म्हणजे 'प्राण्यापासून केलेले नाही' असेही नव्हे. लाल रंग किड्यांचा असू शकतो, मऊपणा मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा. आपल्या परंपरेनेही यात फुशारकी मारू नये. कस्तुरीचा टिळा काव्यात सुंदर दिसतो, पण तिच्यासाठी हिमालयातले कस्तुरीमृग मारत होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले तेव्हा तो दुर्मिळ झालेला होता.

पण मला खरी काळजी वाटते ती या बारकाव्यांची नाही.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली. एकाच घरातल्या तीन जणांना मूत्रपिंडाचा विकार झाला. कारण सापडेना. अखेर घरात वापरल्या जाणाऱ्या, स्थानिक ओळखीतून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमकडे बोट गेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ती तपासली तेव्हा तिच्यात पारा निघाला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. पाऱ्याने त्वचेतला काळा रंग तयार होणे थांबते, म्हणून चेहरा काही आठवडे उजळतो. पारा मात्र त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आपल्या २०२० च्या नियमांत पाऱ्याची मर्यादा अगदी स्पष्ट आहे : डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत ७०, बाकीच्यांत नकळत आलेला असेल तरी १. मर्यादा कागदावर होती. क्रीम बाजारात होती.

ही बातमी आली की काही शहाणी माणसे म्हणतात, बघा, प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या त्याचे हे फळ. यात तथ्य नाही. पारा विषारी आहे हे कळायला सशाचा डोळा लागत नाही; ते शतकानुशतके माहीत आहे, आणि डबीत पारा किती हे मोजायला यंत्र पुरते. सशाच्या डोळ्याने ज्या गोष्टी सांगितल्याच नाहीत त्यांचेही एक उदाहरण आपल्या घराघरांत आहे. कुंकू मागे पडून चिकटवायची टिकली आली. काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे स्त्रिया येऊ लागल्या, कपाळावर टिकलीच्या बरोबर आकाराचा पांढरा डाग घेऊन. दोष निघाला गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल या द्रव्याचा. तो कळला कपाळांवरून. कोड फुटले म्हणून त्यातल्या कित्येक बायकांनी सासरी काय ऐकून घेतले असेल, त्याची नोंद कुठल्या वैद्यकीय मासिकात होत नाही.

बँकेत असताना माझ्याकडे बचत गटांच्या बाया कर्जासाठी येत. उटणे, शिकेकाई, कडुनिंबाचा साबण, असे प्रकल्प. एकीला मी अर्ज भरून घेताना विचारले, की बाई, लोकांच्या अंगाला खाज सुटली तर काय कराल? ती म्हणाली, "पहिले माह्या हातावर लावून पाह्यलं जी, दोन दिस ठेवलं. मंग पोरीले लावलं. मंग इकाले काढलं." अर्जात यासाठी रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिले : उत्पादनाची चाचणी घेतलेली आहे. खोटे काहीच नव्हते.

त्या बाईची पद्धत भल्या माणसाची आहे, हाफकिनच्या जातकुळीची आहे. पण ती खाज ओळखेल, पारा ओळखणार नाही. आणि तिने वापरलेल्या सुगंधी तेलात घाऊक व्यापाऱ्याने काय मिसळले तेही तिला कळायचा मार्ग नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेवर चाचणी करायची तर ती त्वचा महाग, परदेशातून मागवली तर काही दिवसांत वापरून संपवावी लागणारी. मोठ्या कंपनीला ते परवडते. बचत गटाला परवडत नाही, आणि आठवडी बाजारात बिनपत्त्याची डबी विकणाऱ्याला परवडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो काही तपासतच नाही. म्हणजे ससा सुटला तो मोठ्या प्रयोगशाळांमधून. छोट्या बाजारात तर तो कधीच नव्हता. तिथे त्याची जागा पूर्वीपासून गिऱ्हाईकाचीच आहे.

यावर उपाय आकाशातून आणायचा नाही. मगनवाडीच्या परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. केंद्र सरकारची संस्था, ग्रामोद्योगांना शास्त्राची जोड देण्यासाठीच काढलेली. वनौषधींची प्रसाधने, साबण, तेले यांचे प्रशिक्षण तिथे दिले जाते आणि जिल्ह्यातल्या, विदर्भातल्या अनेक बायका ते घेऊन जातात. प्रशिक्षण घेऊन गेलेल्या प्रत्येक गटाचा पहिला माल तिथे नाममात्र शुल्कात तपासून मिळाला, पारा आहे का, शिसे आहे का, जंतू किती, एवढेच, आणि त्याचा कागद बँकेच्या अर्जाला जोडायची अट घातली, तर कुठल्या शाखाधिकाऱ्याने ती नाकारावी असे मला दिसत नाही. दुसरीकडे अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजारातल्या गोरेपणाच्या डब्यांचे नमुने वर्षातून दोनदा उचलावेत आणि निकाल वृत्तपत्रांत नावानिशी छापावेत. आज नमुना उचलला जातो तो बहुतेक वेळा कुणी आजारी पडल्यावर.

तोवर घरच्या माणसांनी एवढे करावे. डबी उलटी करून पाहावी. उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घाण क्रमांक (इंग्रजीत ज्याला बॅच म्हणतात, तोच), तारीख, घटकांची यादी. यातले काही नसेल तर ती परत ठेवावी, मग ती मैत्रिणीच्या मैत्रिणीने दिलेली का असेना. आठवड्यात गोरे करण्याचे वचन असेल तर पाहायचीही गरज नाही. केसांचा रंग लावण्याआधी कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस थांबावे. पुडीवर ते लिहिलेले आहे, चष्मा लावून वाचावे. लग्नसराईत मेहंदीवाली 'दहा मिनिटांत काळी' रंगणारी मेहंदी काढायला बसली, तर नवरीच्या मावशीने तिला आत काय आहे ते विचारावे. उत्तर आले नाही तर साधी मेहंदी भिजवायला घालावी. ती रंगायला रात्र लागते, तेवढा वेळ लग्नघरात असतोच.